पितृपंधरवड्यातला देवदूत

मी आयुष्यभर उडणारी माणसं बनवली. सिमेंटची. एकेकाचं वजन दीड-दोन क्विंटल, पण खालून बघणाऱ्याला ती उडताना दिसली पाहिजेत, एवढीच गिऱ्हाइकाची अट. चाळीस वर्षं हा धंदा केला. आता गुडघे शिडीवर चढू देत नाहीत म्हणून घरी बसलोय.

संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, सांगतो. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यात गंमत काही नाही. ती बायकोलासुद्धा मी अर्धीच सांगितली होती. खरं तर तीच लिहायला बसलोय, पण एकदम तिथे जाता येत नाही. आधी धंदा समजावून सांगायला हवा.

लोक आम्हाला मूर्तिकार म्हणतात. मूर्तिकार म्हणजे दगड घडवणारा, आम्ही सिमेंटवाले. आधी लोखंडी सळईचा सांगाडा वाकवायचा, त्यावर कोंबडीजाळी बांधायची, जाळीवर रेती-सिमेंटचा पहिला हात मारायचा. तो धरला की वरून पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरचा शेवटचा हात. हा हात ओला आहे तोवर नाक, ओठ, बोटं, दागिने सगळं काढून घ्यायचं. मग ओलं गोणपाट गुंडाळून आठ-दहा दिवस पाणी मारायचं. आमच्याकडच्या मे महिन्यात सकाळी भिजवलेलं गोणपाट चहा पिऊन येईपर्यंत कडक होतं. पाणी मारायला कंटाळला त्याने हा धंदा करू नये. त्याची मूर्ती पहिल्या पावसाळ्यातच तडकते आणि गिऱ्हाईक आयुष्यभर शिव्या घालतं.

हे सगळं मला माझ्या मामांनी शिकवलं. त्यांना सगळे नाना म्हणत. धुळ्यात आग्रा रोडला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. देवळाच्या शिखरावर गंधर्व, अप्सरा, हार घेऊन देवाकडे झेपावणारे विद्याधर, हे नानांचं खास काम. उडणारा माणूस कसा करायचा हे त्यांनी मला पहिल्या महिन्यात दाखवलं. एक गुडघा पुढे, दुसरा पाय मागे दुमडलेला, कमरेत थोडा बाक, आणि खांद्यावरचा शेला मागे उडालेला. झालं. आपल्याकडे उडायला पंख लागत नाहीत, गुडघा लागतो. पंख गरुडाला आणि परीला. देवांच्या दरबारातली माणसं नुसती मनात आणलं की उडतात.

नानांचा दुसरा धडा डोळ्यांचा. मूर्ती पूर्ण करायची, पण बुबुळं काढायची नाहीत. पापण्या, भुवया सगळं करा, आतला गोळा गुळगुळीत पांढरा ठेवा, तोंडावर कापड बांधा. मूर्ती जागेवर बसली, यजमान आंघोळ करून समोर हात जोडून उभा राहिला, की मग कापड सोडायचं आणि बारीक ब्रशने डोळे उघडायचे. म्हणजे मूर्तीची पहिली नजर यजमानावर पडते. मंत्र वगैरे भटजींचे, ते नंतर. नाना म्हणायचे, "यजमान समोर उभा नही तं डोया उघडाना नही. आन् पितरस्ना पंधरवडामा तं ब्रशले हातच लावाना नही." पितृपंधरवड्यात डोळा उघडला तर मूर्तीची पहिली नजर मेलेल्यांवर पडते, असं त्यांचं म्हणणं. ते पंधरा दिवस शेडमध्ये आम्ही सांगाडे बांधायचो, जाळी कापायचो, हत्यारं घासायचो. मूर्ती शेडबाहेर जायची नाही. मी पुढे जळगावला स्वतःचं शेड टाकलं, नाना वारले, पण हा नियम मी एकदाही मोडला नाही. त्याचा मला अभिमान होता.

आता गिऱ्हाइकं.

धुळ्याचे एक शेठजी होते, मूळचे मारवाडातले, धान्याचे व्यापारी. त्यांच्या समाजाच्या जैन मंदिराची कमान बांधायची होती आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पुष्पवृष्टी करणारे देव, चार इकडे चार तिकडे. मी नानांच्या पद्धतीने कागदावर काढून दाखवले. शेठजींनी चष्मा वर केला. म्हणाले, "मिस्त्री, ये तो नाच रहे हैं. उडताना दिसले पाहिजेत. पंख लावा." मुलीच्या लग्नात कार्यालयाच्या दारावर त्यांनी पंखवाल्या पऱ्या पाहिल्या होत्या आणि त्या त्यांच्या मनात बसल्या होत्या. मी समजावलं, पण गिऱ्हाइकाशी किती वाद घालणार. आठ देवांना सोळा पंख लावले. सुंदर झाले होते, हे मीच सांगतो.

कमान पूर्ण झाली आणि विहार करत एक महाराजसाहेब आले. कमानीखाली थांबून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं. शेठजी वाट बघतायत की आता शाबासकी मिळेल. महाराजसाहेब शांतपणे म्हणाले, "देवगतीतल्या जीवाला पंख कशाला? तो शक्तीने जातो. पंख तर तिर्यंचाला, पशुपक्ष्याला." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "आणि हे देवसुद्धा कायमचे नाहीत बरं. पुण्य संपलं की त्यांनाही तिथून निघावंच लागतं." सोळा पंख मी स्वतः ग्राइंडरने कापले. शेठजी तीन दिवस माझ्या समोर आले नाहीत. पंख काही वाया गेले नाहीत; दोन वर्षं शेडच्या भिंतीला टेकून होते, मग धुळ्याच्याच एका मंगल कार्यालयाच्या पऱ्यांना बसवले.

दुसरे गिऱ्हाईक रशीदसर. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, जळगावात माझ्या शेडच्या मागच्या गल्लीत राहायचे. वडिलांच्या कबरीवर बसवायला त्यांना एक साधी संगमरवरी पाटी हवी होती, नाव आणि तारीख. ते काम माझं नव्हे, पण शेजारी म्हणून मी करून देतो म्हटलं. आणि हौसेने पाटीच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन फरिश्ते रेखाटून त्यांना कागद दाखवला. सर हसले. म्हणाले, "आबा, तुमचा हात छान आहे. पण चित्र नको. आम्ही फरिश्त्यांना मानतो, त्यांचं चित्र काढत नाही."

"मग ते कसे असतात, हे तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं. माझा धंदाच तो, मला चेहऱ्याशिवाय चालत नाही.

"कसे असतात त्याच्याशी काय करायचंय? कुठे असतात ते माहीत आहे." त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर बोट ठेवलं. "उजवीकडचा तुमचं चांगलं लिहितो, डावीकडचा वाईट. नमाज संपताना आम्ही दोन्हीकडे मान वळवून सलाम करतो, तेव्हा त्यांनाही तो पोचतो."

तेव्हापासून गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" असं सांगताना माझा डावा खांदा थोडा दुखायला लागला. आमच्या धंद्यात "उद्या नक्की" दिवसातून चारदा म्हणावं लागतं, म्हणजे त्या डावीकडच्याचे काय हाल होत असतील बघा.

खऱ्या पंखांचं काम मला चर्चने लावलं. भुसावळ-वरणगावकडे रेल्वेमुळे आणि दारूगोळ्याच्या फॅक्टरीमुळे ख्रिस्ती वस्ती बरीच. तिथल्या एका फादरनी पहिल्यांदा देवदूत करायला सांगितला तेव्हा माझ्या मिस्त्रीने, सुकलालने, घमेलं खाली ठेवलं. सुकलाल साक्री तालुक्यातला, माझ्याच वयाचा, तीस वर्षं माझा माल कालवला त्याने. म्हणाला, "आबा, दूत म्हंजे यमनाच ना? तो तं लेवाले येस. त्याले आपू कसाले बनाडूत?" मी म्हटलं, हा नेणारा नाही, सांभाळणारा. सुकलालचं समाधान झालं नाही. त्याने शेडच्या दाराला लिंबू-मिरची बांधली आणि मगच घमेलं उचललं.

पहिला देवदूत पाठीवर पडला. त्याला कारण पंख. आपल्या गंधर्वाचं सगळं वजन पुढे, भिंतीत धरलेलं. हा मोकळा उभा, आणि पाठीला पाऊण क्विंटलचे पंख. गोणपाट काढलं आणि हा गडी आभाळाकडे बघत आडवा झाला. पुढच्याला मी झग्याचा घोळ पुढे वाढवला आणि पंखांची सळई पाठीतून टाचेपर्यंत उतरवून खालच्या ओट्यात पकडली. पिसांसाठी भुसावळ रोडच्या एका मळ्यात राखणीला ठेवलेली मोठी पांढरी बदकं बघायला आठ दिवस गेलो. ती चावतात, हे तिथे कळलं. पण पंख बंद असताना कोणतं पीस कोणत्या पिसाखाली जातं ते मला त्या दिवसांपासून डोळे मिटून सांगता येतं. पुढच्या काही वर्षांत मी सतरा-अठरा देवदूत केले. फायबरच्या मूर्तीवाले येईपर्यंत या भागात पंखांचं काम म्हटलं की माझंच नाव घेत.

तोरणेसाहेब माझ्याकडे आले ते त्या नावामुळेच.

मनोहर तोरणे. वरणगावच्या फॅक्टरीत टर्नर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग. सोबत त्यांच्या बायको मार्थाबाई, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांची एकुलती मुलगी लीना अकराव्या वर्षी तापाने गेली होती, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. कबरीवर तेव्हा साधा लाकडी क्रूस लावला होता, तो दोनदा बदलला. आता त्यांना तिथे देवदूत उभा करायचा होता.

मी सवयीने विचारलं, "मुलीचा फोटो आणलाय ना? चेहरा तसा काढतो." बहुतेक लोक तसंच मागतात.

"नाही," तोरणेसाहेब म्हणाले. "माणूस मेला की देवदूत होत नाही, मिस्त्री. लोक तसं म्हणतात, पण ते चूक आहे. देवदूत वेगळे, माणसं वेगळी. लीना लीनाच आहे. हा तिच्याजवळ थांबायला हवाय. ती अंधाराला घाबरायची."

मार्थाबाई दुसरीकडे बघत होत्या. मी पेन्सिल कानावर ठेवली.

त्यांना घाई का होती तेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. साखरेच्या आजाराने उजवा डोळा गेला होता. डाव्याने दिसत होतं, पण डॉक्टरांनी त्याचीही खात्री दिली नव्हती. "मला तो बघायचाय," एवढंच म्हणाले. म्हणजे काय पणाला लागलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी मला अंधारात ठेवलं नव्हतं.

दर आठ-दहा दिवसांनी ते एसटीने जळगावला यायचे. खिशातून भिंग काढून सांगाड्याचं वेल्डिंग बघायचे, पट्टी लावून दोन्ही पंख मोजायचे. एकदा डावा पंख सव्वा सूत लांब निघाला. मी म्हटलं, साहेब, हे सिमेंट आहे, बंदुकीची गोळी नाही. ते म्हणाले, "मोजल्याशिवाय मी आयुष्यात काही पास केलं नाही." मी घासून बरोबर केला. सुकलालला ते फार आवडायचे. तो त्यांना स्टूल पुसून द्यायचा आणि प्रत्येक पीस कसं बसवलं ते अहिराणीत समजावायचा. त्यांना ती अर्धीच कळायची, पण ते पूर्ण ऐकून घ्यायचे. मान झाली तेव्हा ते शेवटचे आले. चेहरा बाकी होता. जाताना म्हणाले, "आता येईन तो चेहरा बघायलाच."

चेहरा मी चार दिवसांत केला. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत तो आहे. ना बाई ना पुरुष, वय कळू नये असा, मान किंचित खाली झुकलेली. पापण्या काढल्या, आतले गोळे पांढरे ठेवले. गोणपाट गुंडाळून दहा दिवस पाणी मारलं, गोणपाट काढलं. आणि दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागला.

मी देवदूताच्या तोंडावर कापड बांधलं.

आता कुणी म्हणेल, तो ख्रिस्ती माणूस, त्याला कसला पितृपंधरवडा. मलाही ते कळत होतं. पण हात नानांच्या हाताखाली तयार झालेला. शिवाय काम कबरीवरचं. या पंधरा दिवसांत, कबरीवर, डोळे उघडायचे? मला वाटलं, त्या दोघांचंच काही वाईट व्हायला नको. घटस्थापनेला नेऊ, चांगला दिवस आहे. त्यांच्या भल्यासाठीच थांबतोय, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

तिसऱ्या दिवशी मार्थाबाईंचा फोन आला. "आबा, काम कुठपर्यंत आलंय? डॉक्टर आज पुन्हा म्हणाले, डोळ्याचं काही सांगता येत नाही."

खरं कारण तोंडात आलं होतं. पण एका ख्रिस्ती बाईला, तिच्या मेलेल्या मुलीच्या देवदूताबद्दल, पितृपंधरवडा चालू आहे म्हणून थांबलोय हे कसं सांगायचं, याची मला लाज वाटली. मी म्हटलं, "माल ओला आहे, बाई. पंधरा दिवस तरी लागतील."

"मग आम्ही शेडवर येऊन बघून जाऊ का? त्यांना नुसता चेहरा बघायचाय."

"गोणपाटात गुंडाळलाय. काय दिसणार?"

"बरं," त्या म्हणाल्या. नर्स बाई. डॉक्टरने सांगितलं थांबा की थांबायची सवय. त्यांनी मला एकदाही पुन्हा फोन केला नाही.

सुकलाल जवळच रेती चाळत होता. चाळणी न थांबवता म्हणाला, "आबा, माल तं कधीना सुकना." माल कधीचाच वाळलाय हे मलाही माहीत होतं, तरी मी त्याच्यावर ओरडलो की तू तुझं काम कर. त्याने काम केलं. देवदूत कोपऱ्यात तोंड बांधून उभा होता आणि मी पंधरा दिवस त्याच्याकडे पाठ करून जाळी कापली.

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही तो छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत घातला, खाली भाताचं तूस, बाजूंना गाद्या. दफनभूमी वरणगावच्या अलीकडे, कपाशीच्या शेतांना लागून. फादर आले होते. तीन पायांची लोखंडी घोडी लावून, साखळीने उचलून आम्ही देवदूत ओट्यावर उतरवला, पायातल्या सळया भोकांत बसल्या, मी ओळंबा लावून पाहिला. सरळ होता. तेवढ्यात रिक्षा आली.

आधी मार्थाबाई उतरल्या. मग त्यांनी आत हात घातला आणि तोरणेसाहेबांना धरून उतरवलं. एका हातात काठी आणि दुसरा हात त्यांच्या खांद्यावर, असे ते चालत आले. इस्त्रीचा शर्ट होता. खिशात भिंग नव्हतं.

मी पुढे गेलो. मार्थाबाईंनी हळू आवाजात सांगितलं, "तुम्हाला फोन केला त्यानंतर सहाव्या दिवशी. सकाळी उठले तर डोळ्यात रक्त उतरलेलं. नाशिकला नेलं, ऑपरेशन केलं. आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं."

मी मनात दिवस मोजले. मोजायची गरज नव्हती, पण मोजले. नऊ दिवस तो डोळा चांगला होता आणि देवदूत तयार होता.

तोरणेसाहेबांना मार्थाबाईंनी ओट्यापाशी आणलं. काठी त्यांच्याकडे देऊन त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आधी झग्याचा घोळ, मग पंख. पंखांवर त्यांनी खूप वेळ घालवला. एकेका पिसाखाली बोट घालत वरून खाली आले, मग दुसऱ्या पंखावर तसंच. "बरोबर आहेत," म्हणाले. मग सुकलालने स्टूल दिलं, ते वर चढले आणि त्यांचे हात चेहऱ्यावर आले. मी कापड सोडलं होतं. कपाळ, नाक, ओठ. मग डोळे. बोटं तिथेच थांबली. दोन-तीनदा पापणीच्या आत फिरली.

"इथे काहीच नाही?"

"डोळे उघडायचेत, साहेब," मी म्हटलं. "आमच्यात ते जागेवर उघडतात. यजमानासमोर."

फादर जवळच उभे होते. त्यांना वाईट हेतू नव्हता, माणूस साधा. ते म्हणाले, "तसं काही अडत नाही, मिस्त्री. आमचे जुने दगडी देवदूत तुम्ही पाहिले असतील. पुष्कळांना बुबुळं नसतातच. असाच आणला असतात तरी चाललं असतं."

मी हातातल्या कापडाची घडी घातली.

तोरणेसाहेब स्टुलावरून उतरले. विचार करत होते. टर्नर माणूस, हिशेब जुळत नाही तोवर सोडणार नाही. "म्हणजे डोळ्यांचं काम आजचं. बाकी माल ओला होता."

मी हो म्हणू शकलो असतो. त्यांना कधीच कळलं नसतं. सुकलाल माझ्याकडे बघत नव्हता, साखळी गुंडाळत होता. फादरना आमच्या कामातलं काही माहीत नव्हतं. पण तोरणेसाहेबांचा चेहरा माझ्याकडे होता आणि डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी लागले होते. ते बघून मला हो म्हणता आलं नाही.

"माल वाळला होता," मी म्हटलं. "बाईंचा फोन आला त्याच्या आधीच वाळला होता. आमचा पितृपंधरवडा होता. त्यात आम्ही डोळे उघडत नाही, मूर्ती बाहेर काढत नाही. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो."

शेतात कुणाचा तरी पंप चालू होता. मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"विचारायचं होतं," तोरणेसाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एकदा विचारायचं होतं, मिस्त्री. मी बसने आलो असतो. कापड बाजूला करून दाखवलं असतं तरी झालं असतं."

मला काय सुचलं कोण जाणे. चाळीस वर्षं प्रत्येक यजमानाला जे सांगितलं तेच मी त्यांना सांगितलं. म्हटलं, "साहेब, तुम्ही समोर उभे राहा. मी आता डोळे उघडतो. त्याची पहिली नजर तुमच्यावर पडेल. तुम्हाला दिसलं नाही तरी तो तुम्हाला बघेल."

"मला बघून काय करायचंय?" ते म्हणाले. "बघायचं मला होतं."

मग म्हणाले, "माझ्यासमोर नको. त्याला खाली बघू द्या. तिच्याकडे."

आमच्या मूर्तींची नजर समोर असते, भक्ताच्या डोळ्यांच्या उंचीवर. खाली बघणारे डोळे मी कधी काढले नव्हते. मी स्टुलावर चढलो. सुकलालने रंगाची वाटी धरली. बुबुळं खालच्या पापणीला टेकवली, कडा किंचित आत वळवल्या. मध्येच खाली उतरून, कबरीपाशी बसून त्या मुलीच्या नावाच्या पाटीवरून वर पाहिलं, पुन्हा चढलो, डावं बुबुळ केसभर खाली घेतलं. अर्धा तास लागला असेल. एवढा वेळ मी देवाच्या डोळ्यांनाही कधी लावला नव्हता. सगळा वेळ तोरणेसाहेब दोन्ही हात काठीवर ठेवून, चेहरा माझ्या दिशेने करून उभे होते. मार्थाबाईंनी दोनदा बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

मी खाली उतरलो. "झालं, साहेब."

"बुबुळं कुठे आहेत?"

"खाली. बरोबर तिच्या—"

त्यांनी हात वर केला. "तुम्ही नका सांगू," ते म्हणाले. "मार्था, तू बघून सांग."

मार्थाबाई पुढे आल्या. त्या आधी उभ्याने बघत होत्या. मग गुडघे धरत मुलीच्या कबरीपाशी खाली बसल्या, मी बसलो होतो तिथेच, आणि मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खालीच बघतोय," त्या म्हणाल्या. "तिच्याकडेच."

तोरणेसाहेबांनी मान हलवली आणि काठी बाजूला ठेवून बायकोला उठवायला हात पुढे केला. मी ब्रश धुवायला नळाकडे गेलो.